समुद्र, मोटार आणि माझा पदर

फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत. अकोल्यात आमच्या ओळखीचं असं एक घर उरलं नाही जिथं ते जाऊन आले नाहीत. वकीलसाहेबांनी, म्हणजे आमच्या यांनी, ते काळ्या जाड पानांवर चिकटवून घेतले, वहीला रेशमी गोंडा लावला आणि क्लबात, कोर्टात, लग्नाच्या मांडवात, जिथं चार माणसं बसलेली दिसली तिथं ती वही फिरवली. हळदीकुंकवाला आलेल्या बायांनीही पाहिली. "माय वो, मोटार काय झकास आली!" "अन भाऊसाहेबाचा फेटा तं पाय!" अशी वाहवा झाली. मी हळदीकुंकवाचं तबक घेऊन तिथंच उभी होते. यात तू कुठं आहेस, असं एका बाईनंही विचारलं नाही.

मग आपल्या महिला मंडळातल्या बाईंनी गळ घातली, की तुम्ही समुद्र पाहून आलात, आमच्यापैकी कोणी गेलं नाही, तर चार पानं लिहून वाचून दाखवा. लिहिते. पण फोटोत आलं ते पुन्हा काय सांगायचं? फोटोत आलं नाही तेवढंच लिहिते. कोणाला राग आला तर येवो.

निघायच्या आधी, अकोट

मी अकोटकडची. बाबांची काळी जमीन, कापूस आणि ज्वारी, दारात बैलजोडी. लकव्यानं त्यांचं उजवं अंग गेलं तेव्हापासून ते बाजेवर असतात. जीभ थोडी जड झाली आहे, डोकं मात्र शाबूत. निघायच्या आधी मी त्यांना भेटायला गेले.

"गोदे, समुद्राले जाऊन राहिली म्हने?"

"हो बाबा."

"माहा कापूस जलमभर त्याच पान्यावरून गेला. जिनात गाडी रिकामी केली का आपलं काम सरलं. पुढं तो कुठी जाते, कसा जाते, म्या काई पायलं नाही. आता तं उठनंबी होत नाही." थोडा दम खाऊन म्हणाले, "तू पाय. अन मले एक फोटो आनजो. समुद्र अन तू, एकाच कागदावर."

"आनते ना."

"तोंड दिसलं पायजे बरं काय. तुहा एकबी फोटो नाही मापाशी."

खरंच नव्हता. लग्नात फोटोवाला बोलावला होता तो मुलाकडच्यांनी, आणि त्यात मुंडावळ्यांखाली माझी हनुवटी तेवढी दिसते. बाबांनी आजवर माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं, आणि मी हो म्हणून बसले.

मूळ बेत आम्हा दोघांचाच होता. नवी मोटार, नवा डबा कॅमेरा, कोकणात यांचे कॉलेजातले मित्र, त्यांच्या घरी मुक्काम. एका संध्याकाळी भाऊसाहेब गावाहून आले. भाऊसाहेब म्हणजे यांचे थोरले भाऊ, माझे भासरे. बैठकीत बसून म्हणाले, "समुद्रापोत मोटार जाते म्हने?" आणि आमचे वकीलसाहेब लगेच म्हणाले, "चाला ना भाऊ तुमीबी!" कोर्टात यांचा आवाज बाहेरच्या पिंपळापर्यंत ऐकू येतो म्हणतात. घरात थोरल्या भावापुढं तोच आवाज घशातच राहतो. जाऊबाईंचे गुडघे धरलेले, त्या घरीच राहिल्या.

आपल्याकडच्या बायांना सांगायला नको, पण हे दुसऱ्या मुलखातल्या कोणी वाचलं तर कळावं म्हणून सांगते. भासऱ्यासमोर आमच्या घरची सून तोंड उघडं ठेवत नाही. त्याच्याशी बोलत नाही, त्याच्या पुढून जात नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझा आवाज कसा आहे हे भाऊसाहेबांना ठाऊक नसेल. घरात हे निभतं. घराला दारं असतात, भिंती असतात, सैपाकघर असतं. मोटारीत काय असतं?

घाट

अकोल्यापासून कोल्हापूरपर्यंतचा रस्ता मी मागच्या सीटवर दोन गाठोड्यांच्या मधे काढला. पुढं हे मोटार हाकणार, शेजारी भाऊसाहेब. त्यांची पाठ माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि तरी बोलणं व्हायचं ते असं:

"सूनबाईले सांग, पान्याचा गडवा दे."

"अवो, भाऊले पान्याचा गडवा द्या."

मी गडवा यांच्या हातात द्यायची, हे एका हातानं मोटार सांभाळत तो भावाच्या हातात द्यायचे. एकदा त्यात मोटार गवतात गेली. तरी रीत मोडली नाही.

आंब्याच्या घाटात मोटारीचं पाणी उकळलं. टोपणातून वाफ सुटली तसे भाऊसाहेब उडी मारून खाली उतरले आणि दूर जाऊन उभे राहिले. हे झऱ्यावरून पाणी आणायला गेले. मी मागंच बसून होते. समोर दरी होती म्हणे, आणि दरीपलीकडं हिरवंगार कोकण होतं म्हणे. मी त्या दिवशी अंजिरी लुगडं नेसले होते आणि पदर हनुवटीपर्यंत ओढला होता. मला अवघं कोकण अंजिरी दिसलं. माती लाल की काय, तेही मला संध्याकाळी पाय धुताना कळलं.

जेवणाला आम्ही झाडाखाली थांबलो. भाकरी, ठेचा, भुरका, कांदा, सगळं मी घरून बांधून घेतलं होतं. दोघं भाऊ जेवले, फेटा नीट करून मोटारीपाशी उभे राहिले, एका वाटसरूला शिकवून त्याच्याकडून फोटो काढवला. तो तुम्ही पाहिला आहे. त्या फोटोत मोटारीच्या चाकामागं जे काही पांढरं दिसतं, ती माझ्या भाकरीची फडकी आहे. मी मोटारीच्या आडोशाला बसून जेवत होते.

"माहा फोटो?" मी रात्री यांना विचारलं.

"समुद्र येऊ दे तं. इथी काय समुद्र हाये?"

ते मला पटलं.

खाडी

कोकणात रस्ता चालता चालता पाण्यात जातो आणि पलीकडच्या काठावर पुन्हा वर येतो. मधल्या पाण्याला खाडी म्हणतात. मोटार पलीकडं न्यायची तर दोन होड्या एकमेकींना बांधून वर फळ्या टाकतात, त्याला जंगार म्हणतात. माणसं दुसऱ्या होडीतून जातात. खलाशांनी तसं सांगितलं.

भाऊसाहेब उतरले नाहीत. "आपल्या मोटारीतून उतरून मच्छीच्या होडीत बसू काय?" असं म्हणून ते पुढच्या सीटवर फेटा सांभाळत बसून राहिले. मोटार त्यांच्यासकट फळ्यांवर चढवली आणि चाकांना पुढून-मागून दगड लावले. आम्ही दोघं शेजारच्या होडीत. खलाशी हसत होते, पण तोंड फिरवून.

खाडीच्या मध्यावर वारा सुटला. दोन्ही होड्या अगदी जवळून चालल्या होत्या, हात लांबवला तर मोटारीला लागला असता. भाऊसाहेबांची पाठ माझ्याकडं होती, म्हणून मी पदर थोडा वर केला आणि मला दिसलं, की मागच्या चाकाचा दगड घसरून पाण्यात गेला आहे आणि चाक हळूहळू फळीच्या कडेला सरकतं आहे.

नुसतं "भाऊसाहेब, उतरा" एवढं ओरडले असते तर ते उतरले असते. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. लहानपणापासून अंगात मुरलेलं असं ऐन वेळी सुटत नाही हो. मी यांचा कोट ओढला आणि कानाशी म्हटलं,

"अहो, चाक! भाऊले सांगा, चाक सरकून राहिलं!"

हे डोळ्याला कॅमेरा लावून. "थांब वो, मस्त येऊन राहिला फोटो. हलू नको."

चाक फळीवरून सुटलं, मोटार तिरकी झाली आणि भाऊसाहेब दारातून थेट खलाशाच्या अंगावर, तिथून होडीच्या तळातल्या पाण्यात. लागलं काही नाही. फेटा खाडीत गेला तो एका खलाशानं काठीनं काढून दिला. मोटारही त्यांनी खांदे लावून पुन्हा फळीवर घेतली. त्या माणसांचे उपकार मानावे तेवढे थोडे, पण आमच्याकडून कोणी मानले नाहीत.

पलीकडं उतरल्यावर, मी चाक पाहिलं होतं हे यांच्याकडून कळलं तसे भाऊसाहेब पिळलेला फेटा हातात घेऊन भावाला म्हणाले, "तुह्या बायकोले दिसत होतं ना? मंग सांगाले काय झालं? तोंड नाही काय तिले?"

मी पदराआड उभी होते. मला असं वाटलं, की आता पदर बाजूला करावा आणि दाखवावं, हे पाहा, आहे तोंड. आमचे वकीलसाहेब काय बोलतात इकडं माझं लक्ष होतं. हे म्हणाले, "जाऊ द्या भाऊ, बायाची जात." माझा जीव नुसता जळून गेला.

काकूंचं घर

मित्राच्या आईला सगळे काकू म्हणत. माडांत घर, सारवलेलं अंगण, मागं पायरीपायरीनं उतरत गेलं की समुद्र. रात्रभर त्याचा आवाज येत होता. मला आधी वाटलं कापसातली सरकी काढायचं जिन चालू आहे. रात्रपाळीला आपल्या अकोटचं जिन घरघरतं तसाच.

जेवायला उकडा भात, कुळथाचं पिठलं, कोवळ्या फणसाच्या कुवरीची भाजी आणि नारळाच्या दुधातली आंबट गुलाबी कढी. मला ती कढी फार आवडली, मी दोनदा घेतली. भाऊसाहेबांनी भात कालवून पाहिला आणि भावाला म्हणाले, "हे बिमार मानसाचं जेवन. सूनबाईले सांग, दोन भाकरी टाक." मग परक्याच्या चुलीपुढं बसून मी घरच्या पिठाच्या भाकरी टाकल्या. काकूंना ज्वारीच्या भाकरीचं फार कौतुक. एक स्वतः खाल्ली, एक थोरल्या दिरांना नेऊन दिली.

त्यांचे ते दीर ओटीवर सुपारी कातरत बसलेले. काकू त्यांच्यापुढं भाकरी ठेवून म्हणाल्या, "भावोजी, वऱ्हाडातली आहे हो ही. चावायला दात आहेत ना?" ते म्हणाले, "तुझी चकली चावतो तर ही काय!" आणि दोघं मोठ्यानं हसली. मी स्वयंपाकघराच्या दाराआडून पाहत होते. भासऱ्याशी अशी हसणारी सून मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. मग काकू आत आल्या आणि मला म्हणाल्या, "तू घरातसुद्धा असा पदर ओढून बसतेस, तुला दिसतं का गो समोरचं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. बाबांचंही सांगितलं. काकू ऐकत राहिल्या, आणि दुपारी पुरुष माणसं मोटारीनं बंदर पाहायला गेली तशी माझा हात धरून मला खाली घेऊन गेल्या.

समुद्र मी पाहिला तो त्या दुपारी. पदर खांद्यावर टाकला, डोकं उघडं, तोंड उघडं. काय सांगू बायांनो? आपल्याकडं कुठंही उभं राहा, नजर फिरत फिरत शेवटी एखाद्या बाभळीला नाहीतर सातपुड्याला जाऊन टेकते. तिथं ती टेकतच नाही. मला आधी भीतीच वाटली. पाण्यात पाय ठेवला तर लाट आली आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून घेऊन गेली. मी किंचाळले आणि मग हसत सुटले, काकूही हसल्या. वारा तोंडावर लागत होता, ओठ खारट झाले होते, आणि दूर एक आगबोट धूर सोडत चालली होती. बाबांचा कापूस तीतच असेल असं मी ठरवून टाकलं. "बाबा, पायला वो मी तुमचा कापूस!" असं मी मोठ्यानं ओरडलेसुद्धा. काकूंशिवाय ऐकायला होतं कोण?

"आत्ता फोटो काढायला हवा होता गो तुझा," काकू म्हणाल्या.

कॅमेरा मोटारीबरोबर बंदरावर गेला होता. तिथं मोटारीचे फोटो निघत होते.

शेवटचा फोटो

निघायच्या दिवशी सकाळी मी यांना पुन्हा आठवण दिली. रोज देत होते. रोज काहीतरी होतं, कधी ऊन नाही, कधी भाऊ सोबत आहेत, कधी उद्या. त्या सकाळी मात्र म्हणाले, "हो हो, ध्यानात हाये. रोलात एक ठेवला हाये तुह्यासाठी." मला इतकं बरं वाटलं की मी गाठोड्यातलं नवं लुगडं काढून नेसले.

गावाबाहेर रस्ता समुद्राला लागून जातो, तिथं मोटार थांबवली. निरोप द्यायला काकू तिथवर आल्या होत्या. उजेड छान, पाणी निळं. मी उतरून वाळूत जाऊन उभी राहिले, पाठीमागं समुद्र. यांनी कॅमेरा काढला. तोवर भाऊसाहेबही उतरले आणि मोटारीला रेलून, वाळवून पुन्हा बांधलेल्या फेट्यावर हात फिरवत, नीट माझ्यासमोर उभे राहिले. मी पदर ओढून घेतला.

हे नुसतेच उभे. मी पदराच्या आतून म्हटलं, "अहो, त्यायले जरा तिकडं जायाले सांगा ना."

"भाऊले जा म्हनू? कसं म्हनू?"

काकूंच्या ध्यानात आलं. त्या सरळ पुढं होऊन म्हणाल्या, "भावोजी, जरा त्या सुरूच्या झाडांपर्यंत पाय मोकळे करून या बघू. मुलीला आपल्या बापासाठी फोटो काढायचा आहे. घटकाभराचं काम."

भाऊसाहेबांनी काकूंकडं पाहिलंच नाही. भावाला विचारलं, "काय म्हनते हे बाई?"

आता बाबांच्या मागण्याचं काय होणार ते सगळं यांच्या एका वाक्यावर होतं. लांबलचक भाषण नको होतं. "भाऊ, जरा तिकडं चाला" एवढंच पुरे होतं. मी पदराच्या कडेखालून यांचे बूट पाहत होते. बूट वाळूत हलले, आणि हे हसून म्हणाले, "काई नाही भाऊ. तुमी उभे राहा, तुमचाबी येते."

"फोटोसाठी आपल्या घरच्या बाया तोंड उघडत नसतात," भाऊसाहेब म्हणाले. "काढाचा असन तं काढ असाच."

खाडीत माझं हेच तोंड बोलायला हवं होतं त्यांना. मला रडू आलं, डोळे पदराला पुसायला मी समुद्राकडं वळले. तेवढ्यात मागं कॅमेऱ्याची खटकी वाजली.

"झाला!" हे म्हणाले.

काकूंनी माझ्या ओटीत नारळ घातला. परतीच्या वाटेवर मी बोलले नाही. ते कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण तशीही मी मोटारीत बोलत नव्हतेच.

पुन्हा अकोट

वहीतला शेवटचा फोटो तो. पुढं मोटार, मोटारीला रेललेले भाऊसाहेब, पलीकडं समुद्राची पट्टी आणि कोपऱ्यात एक पाठमोरी बाई. तुमच्यापैकी एकीनं ती कोकणातली कोळीण आहे का असं विचारलं होतं. नाही, ती मी आहे.

त्याचीच एक प्रत घेऊन मी अकोटला गेले. न्यावी की नको, हा विचार चार-सहा दिवस केला, पण बाबा वाट पाहत होते. भाऊसाहेबांना जिनातून सरकी घ्यायची होती, म्हणून मोटारीत तेही होते. दोघं भाऊ तिकडं गेले, मला दारात सोडून.

बाबांनी डाव्या हातानं फोटो घेतला आणि उजेडाकडं धरला. बराच वेळ पाहिला.

"हे काय, पांढरं पांढरं?"

"पानी हाये बाबा. लाटा."

"इतलं?"

"याहूनबी लई. कागदात मावत नाही."

त्यांनी मान हलवली. मग बोट त्या कोपऱ्यावर आलं.

"अन हे कोन?"

"मी."

मग सावकाश, एका हातानं, छातीवर टेकवून टेकवून त्यांनी तो फोटो उलटा केला. या बाजूनं पाठ दिसते, तर पलटल्यावर तोंड दिसेल, असं त्यांना वाटलं की काय, मला विचारवलं नाही. मागचा कागद कोराच होता. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि फोटो पुन्हा सुलटा केला.

"पाठ तं मी दर खेपेले पायतो, गोदे," ते म्हणाले. "तू सासरी जाऊन राहिली का पाठच दिसते. म्या तोंड आनाले सांगतलं होतं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोसवला असता. मी त्यांना आगबोटीचं सांगितलं, कापसाचं सांगितलं, पायाखालच्या वाळूचं सांगितलं. ते माझ्या तोंडाकडं बघत होते, पण ऐकत होते की नाही कोण जाणे. बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला. मग पुन्हा वाजला.

मी उठले. पाया पडले. आणि वळले नाही. पदर खांद्यावर टाकला आणि बाबांकडं तोंड करून, एक एक पाऊल मागं टाकत दाराकडं निघाले. बाबांना कळलं. ते कोपरावर थोडे उठले आणि माझ्याकडं पाहत राहिले, मी त्यांच्याकडं. टाच उंबऱ्याला लागली तेव्हा थांबले.

मागं, दारापुढंच, मोटार उभी होती आणि पुढच्या सीटवर भाऊसाहेब बसले होते. मी पदर ओढून घेतला आणि वळले.